योएल २:१२-१७ : "कपडे नव्हे, मने फाडा" ही हाक नेमकी काय मागते?

गव्हाची_लोंबी (धागाकर्ती)

उपासकाळ जवळ आला की बायबलातल्या योएल संदेष्ट्याचे हे वचन भिंतीवर, पत्रिकेवर, प्रवचनात सगळीकडे दिसते. बहुतेक वेळा एकच ओळ उचलली जाते आणि तिचा अर्थ लावला जातो, "बाहेरचे सोडा, आतले पाहा." मजकूर त्याहून कितीतरी जास्त बोलतो. इथे संपूर्ण उतारा नीट उकलावा अशी इच्छा आहे. ज्यांचा हिब्रूचा, शेतीचा, उपासनेचा अभ्यास आहे त्यांनी भर घालावी.

आधी पायाचा मजकूर. चर्चेसाठी मुद्दाम साध्या मराठीत उतरवला आहे (२:१२-१४):

"पण अजूनही, परमेश्वर म्हणतो, पूर्ण मनाने माझ्यापर्यंत परत या, उपास करून, रडून, शोक करून. आपली मने फाडा, कपडे नव्हे, आणि तुमचा देव परमेश्वर याच्याकडे परता. कारण तो कृपाळू आहे, कनवाळू आहे, मंदक्रोध आहे, मायेने भरलेला आहे आणि अरिष्टाबाबत मन पालटणारा आहे. कुणास ठाऊक? तो परतेल, मन पालटेल, आणि आपल्यामागे आशीर्वाद ठेवून जाईल: तुमचा देव परमेश्वर याच्यासाठी अन्नार्पण आणि पेयार्पण."

क्रमांकाबद्दल एक सूचना. आपल्या नेहमीच्या मराठी बायबलात योएलाचे ३ अध्याय आहेत, हिब्रू बायबलात ४. वचने दोन्हीकडे ७३ च. आपले २:२८-३२ म्हणजे हिब्रूतला तिसरा अध्याय आणि आपला तिसरा म्हणजे तिथला चौथा. यहुदी भाष्य किंवा हिब्रू आवृत्ती शेजारी ठेवून वाचणारे इथेच अडखळतात. २:२७ पर्यंत मात्र क्रमांक सारखेच आहेत, त्यामुळे या धाग्यापुरती अडचण नाही.

काळाबद्दल थोडक्यात. पुस्तकात "पथूएलाचा पुत्र योएल" एवढीच ओळख आहे, कोणत्याही राजाचे नाव नाही. वडील जन आणि याजक दिसतात, मंदिर उभे आहे, ३:६ मध्ये ग्रीकांचा उल्लेख आहे. त्यावरून बरेच अभ्यासक हे पुस्तक दुसरे मंदिर झाल्यानंतरचे, म्हणजे इ.स.पू. ५१५ नंतरचे मानतात. जुनी परंपरा ते बाल राजा योवाशाच्या काळात, नवव्या शतकात ठेवते. या उताऱ्याचा अर्थ त्या वादावर अवलंबून नाही, म्हणून इथे तो वाद नको.

---

शेतबांध

हाक समजायची तर आधी संकट समजले पाहिजे. पहिला अध्याय टोळधाडीचा आहे आणि त्यातले तपशील शेतकऱ्याच्या डोळ्याने पाहिलेले आहेत.

१:४ मध्ये टोळाला चार शब्द आहेत: गाझाम, अर्बे, येलेक, हासील. अर्थाच्या अंगाने कुरतडणारा, झुंडीचा, चाटून नेणारा, संपवणारा. हे चार म्हणजे एकाच कीटकाच्या चार अवस्था, असे पुष्कळदा शिकवले जाते. ते जपून घ्यावे, कारण २:२५ मध्ये तेच चार शब्द वेगळ्या क्रमाने येतात: अर्बे, येलेक, हासील आणि शेवटी गाझाम. क्रमाने वाढणाऱ्या अवस्था सांगायच्या असत्या तर क्रम बदलला नसता. चार शब्दांतून "काही म्हणता काही उरले नाही" हे ठसवायचे आहे.

वाळवंटी टोळाची मादी ओलसर वाळूत ५ ते १० सेंटिमीटर खोल अंडी घालते. साधारण दोन आठवड्यांत पिल्ले निघतात (थंडी असेल तर जास्त दिवस लागतात). पंख नसलेली पिल्ले ५-६ वेळा कात टाकतात आणि महिना-सव्वा महिन्यात उडू लागतात. प्रौढ टोळाचे वजन सुमारे २ ग्रॅम, आणि तो रोज साधारण तेवढेच खातो. एक चौरस किलोमीटरच्या झुंडीत ४ ते ८ कोटी टोळ असू शकतात. म्हणजे दिवसाला ८० ते १६० टन हिरवे. वारा साथ देईल तर झुंड दिवसाला १००-१५० किलोमीटर जाते.

आता २:७-९ वाचा. भिंतीवर चढतात, आपापल्या वाटेने चालतात, एकमेकाला ढकलत नाहीत, चोरासारखे खिडकीतून शिरतात. हे उडणाऱ्या झुंडीपेक्षा चालत येणाऱ्या पिल्लांच्या तांड्याचे वर्णन वाटते. ते तांडे खरोखर एका दिशेने, भिंती-दगडांवरून सरळ चालत जातात. १:७ मध्ये अंजिराची साल सोलून फांद्या पांढऱ्या पडल्याचे म्हटले आहे. १९१५ च्या मार्च ते ऑक्टोबर या काळात जेरुसलेम आणि भोवतालच्या मुलखात टोळधाड आली, तेव्हाही अंजिराची झाडे अशीच सालीसकट सोलली गेली.

दुष्काळही जोडीला आहे. १:१७ मध्ये ढेकळांखाली बी सुकले आहे, १:२० मध्ये ओढे आटले आहेत. टोळ उभे पीक नेतो, दुष्काळ पुढचे बियाणे मारतो. दोन्ही एकदम आले की त्या गावाकडे पुढच्या हंगामाचेही काही राहत नाही.

विदर्भातल्या वाचकांना मे २०२० मधली मध्य प्रदेशातून अमरावती, वर्धा, नागपूरकडे आलेली धाड आठवत असेल. आपल्याकडे फवारणी होती, सरकारी यंत्रणा होती. योएलाच्या यहुदात फवारा नव्हता आणि कोठारे आधीच ओस पडली होती (१:१७).

---

तुषार_नि_टरफल

शेतबांध, छान. पण दुसऱ्या अध्यायातले सैन्य खरे सैन्यच आहे असे अनेक जण शिकवतात. अश्शूर किंवा बाबेल. २:२० मध्ये "उत्तरेकडचा" असा शब्द आहे, आणि टोळ तर यहुदात सहसा दक्षिणेकडून, आग्नेयेकडून येतात.

---

शेतबांध

"उत्तरेकडचा" हा त्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे, मान्य. पण २:४-५ मधल्या उपमा पाहा: घोड्यां*सारखे*, रथां*सारखा* आवाज, लढाईला सज्ज बलाढ्य लोकां*सारखे*. सैन्याला "सैन्यासारखे" कोण म्हणेल? उपमा दिली आहे याचा अर्थ मूळ वस्तू वेगळी आहे. त्या जाळ कडाडल्यासारख्या आवाजाचा खुलासाही सरळ आहे, कोट्यवधी जबडे चालतात तेव्हा तसाच आवाज येतो.

वाचन असे करावे: पहिल्या अध्यायात टोळ हे घडलेले संकट आहे. दुसऱ्यात तेच टोळ परमेश्वराच्या दिवसाची, म्हणजे न्यायाच्या दिवसाची, वर्दी म्हणून मोठे होऊन येतात. "उत्तरेकडचा" हा शब्द संदेष्ट्यांच्या भाषेत न्याय घेऊन येणाऱ्या शत्रूचा आहे, तो इथे टोळांना लावला आहे. २:११ पर्यंत चढत जाऊन प्रश्न उभा राहतो: "तो दिवस कोण सोसू शकेल?" आणि लगेच २:१२: "पण अजूनही."

---

काना_मात्रा

त्या "पण अजूनही"वर थांबतो. हिब्रूत *वेगाम अत्ता*, "आणि आतासुद्धा". सैन्याच्या पुढे परमेश्वर स्वतः आवाज काढतो आहे (२:११), आणि त्याच आवाजाने पुढची विनवणी येते. जो चाल करून येतो आहे तोच "परत या" म्हणतो. ही एक जागा वाचताना घाईत गेली तर उतारा हातातून गेला.

आता शब्द.

शूव. परतणे, वळणे. मराठीत आपण याला "पश्चात्ताप" म्हणतो. त्यात मागून होणारा ताप आहे, पण वळणे नाही. शूव हे पायांचे क्रियापद आहे. माणूस वाट सोडून गेला, तो उलटा फिरला. मराठीत जवळचा शब्द "उपरती" आहे, पण बोलण्यात तोही मनाच्या अवस्थेपुरता उरला आहे. म्हणून वर "परत या" घेतले आहे ते योग्यच.

अदाय. १२ व्या वचनात "माझ्याकडे" नव्हे, "माझ्यापर्यंत" आहे. *अद* म्हणजे "पर्यंत". १३ व्यात साधा *एल*, "कडे". होशेय १४ च्या सुरुवातीलाही (हिब्रूत १४:२, आपल्याकडे १४:१) हाच *अद* आहे: "इस्राएला, परमेश्वरापर्यंत परत ये." रब्बींनी (यहुदी धर्मगुरूंनी) त्यावरून म्हटले की परतणे थोर आहे, ते गौरवाच्या सिंहासनापर्यंत पोचते. अर्ध्या वाटेवर हळहळत बसणे हा *अद* नव्हे.

लेवाव. याला "हृदय" म्हटले की आपल्या कानाला भावना ऐकू येते. हिब्रूत लेवाव ही विचाराची, ठरवण्याची जागा आहे. "मन" जास्त बसते. मन फाडा म्हणजे खूप रडा असे नाही, रडणे तर १२ व्या वचनात वेगळे मागितलेच आहे. मन फाडा म्हणजे ठरवलेले मोडा.

निहाम. देवासाठी वापरलेला हा शब्द सर्वांत अवघड. "पस्तावला" म्हटले की देवाने चूक केली असा वास येतो. याच धातूत सांत्वनाचाही अर्थ आहे. नहूम, मनहेम ही नावे त्यातूनच आली. कळवळून बेत सोडणे, हा त्याचा गाभा. १ शमुवेल १५ मध्ये एकाच अध्यायात ११ व्या वचनात देव निहाम करतो आणि २९ व्यात "तो मनुष्य नाही की त्याने निहाम करावा" असे येते. लेखकाला दोन्ही माहीत होते. एक पुसून दुसरे ठेवू नये.

रा'आ. त्याच ओळीतला "अरिष्ट". या शब्दाचा अर्थ दुष्टपणाही होतो आणि आपत्तीही. इथे आपत्ती. योना ३:१० मध्ये निनवे या परक्या शहराचे लोक आपल्या *रा'आ* मार्गावरून वळतात आणि देव त्यांच्यावर आणायच्या *रा'आ*बाबत निहाम करतो. एकच शब्द दोन्हीकडे. भाषांतरात तो खेळ हरवतो.

---

पाटी_पेन्सिल

म्हणजे उपास, राख, गोणपाट हे सगळे गौणच ना? "कपडे नव्हे" असे स्पष्ट लिहिले आहे.

---

काना_मात्रा

नाही, आणि ही या उताऱ्याबाबतची सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. १२ व्या वचनात उपास, रडणे, शोक तिन्ही मागितले आहेत. १:१३ मध्ये याजकांना गोणपाटात रात्र काढायला सांगितले आहे. २:१५ मध्ये पुन्हा "उपास पवित्र करा". एकाच तोंडाने उपास मागायचा आणि उपास गौण ठरवायचा, असे संदेष्टा करत नाही.

हिब्रूत "हे, ते नव्हे" अशी मांडणी पुष्कळदा "त्यापेक्षा हे" अशी वाचायची असते. होशेय ६:६ मध्ये "मला दया हवी, यज्ञ नव्हे" म्हटले आहे, आणि लगेच पुढच्या अर्ध्या ओळीत "होमबलींपेक्षा देवाचे ज्ञान" असा तुलनेचा रूपबंध येतो. कपडे फाडणे हा शोकाचा पक्का रिवाज होता. योसेफाचा रक्ताने माखलेला झगा पाहून याकोब वस्त्रे फाडतो (उत्पत्ती ३७:३४). योएल तो रिवाज मोडत नाही. फाडायची वस्तू बदलतो, कारण कापड पुन्हा शिवता येते.

---

गव्हाची_लोंबी

पाटी_पेन्सिल, यावर एक जुना साक्षीदार आहे. मिश्ना या जुन्या यहुदी नियमसंग्रहातल्या तानीत या प्रकरणात (२:१) पावसासाठीच्या जाहीर उपासाची पद्धत दिली आहे. नियमशास्त्राची पेटी गावच्या चौकात आणायची. पेटीवर राख घालायची, नासीच्या (लोकप्रमुखाच्या) आणि न्यायसभेच्या प्रमुखाच्या डोक्यावर राख घालायची, मग प्रत्येकाने आपल्या डोक्यावर घ्यायची. त्यानंतर सर्वांत वडीलधारा उभा राहून बोलतो: बंधूंनो, निनवेच्या लोकांबद्दल "देवाने त्यांचे गोणपाट आणि उपास पाहिला" असे लिहिलेले नाही, "त्यांची कृत्ये पाहिली, की ते वाईट मार्गावरून वळले" असे लिहिले आहे. आणि लगेच योएलाचे "मने फाडा, कपडे नव्हे".

क्रम पाहा. डोक्यावर राख घेऊन झाल्यावर हे वाक्य ऐकवले जाते. राख पुसून नव्हे. बाहेरची खूण आणि हा इशारा एकाच विधीत शेजारी ठेवले आहेत. त्याच प्रकरणात (३:५) टोळ आणि हासील आले तर लगेच शिंग वाजवायचे, असेही आहे.

---

मोजमाप

मला २:१४ चा शेवट सर्वांत जास्त अडवतो, कारण तिथे कुणी थांबत नाही. देव परतला तर मागे काय ठेवील? धनधान्य नव्हे. "अन्नार्पण आणि पेयार्पण."

१:९ मध्ये तक्रार हीच होती: परमेश्वराच्या घरातून अन्नार्पण आणि पेयार्पण बंद पडले. आता प्रमाण पाहा. निर्गम २९:३८-४२ प्रमाणे रोज दोन कोकरे, एक सकाळी, एक संध्याकाळी. प्रत्येकाबरोबर एफाचा दहावा भाग सपीठ, पाव हिन तेल, पाव हिन द्राक्षारस. एफा सुमारे २२ लिटरचा आणि हिन सुमारे ३.६ लिटरचा धरला (ही मापे अंदाजी असतात) तर दिवसाचा हिशेब असा: सपीठ साधारण ४.४ लिटर, तेल १.८ लिटर, द्राक्षारस १.८ लिटर.

संपूर्ण देशाच्या मंदिराला रोजचे एवढेच लागत होते, आणि तेही मिळेनासे झाले. १:१० पाहा: धान्य नासले, नवा द्राक्षारस आटला, तेल सुकले. नित्याच्या अर्पणाला लागणारे नेमके हेच तीन पदार्थ. ही यादी सहज केलेली नाही.

म्हणून "मागे आशीर्वाद ठेवील" यात मागणी किती लहान आहे ते कळते. कोठार भरून दे असे नाही. सकाळ-संध्याकाळ देवापुढे उभे राहण्यापुरते पीठ, तेल, रस उरू दे. तुटलेला रोजचा संबंध पुन्हा जुळावा, एवढेच. कोठारे भरण्याचे वचन पुढे २:२४ मध्ये येते, पण ते न मागता.

---

शिंगाडा

विधीच्या पायऱ्यांबद्दल लिहितो. २:१५-१७ मध्ये ओळीने आज्ञा आहेत, त्यातली प्रत्येक विशिष्ट आहे.

शिंग दोनदा वाजते आणि दोन्ही वेळा अर्थ वेगळा. २:१ मध्ये दोन क्रियापदे आहेत, *तिक'उ* (फुंका) आणि *हारी'उ* (इशाऱ्याचा नाद करा). २:१५ मध्ये फक्त *तिक'उ*. गणना १०:७ मध्ये रुप्याच्या कर्ण्यांबाबत नियम आहे: मंडळी जमवायची असेल तेव्हा फुंका, पण इशाऱ्याचा नाद करू नका. योएलाने तोच भेद पाळला आहे. पहिले शिंग "शत्रू आला" सांगते, दुसरे "जमा व्हा". मराठीत दोन्हीकडे "कर्णा वाजवा" झाले की हा फरक ऐकूच येत नाही.

मग उपास *पवित्र करा*. म्हणजे जाहीर करा, वेगळा काढा. आपापल्या घरी केलेला उपास इथे नाही. मग सभा. कोणाकोणाची? वडील जन, मुले, अंगावर पिणारी तान्ही. तान्ह्या मुलाला पाप कळत नाही, मग त्याला का आणायचे? कारण ही हाक व्यक्तींची बेरीज नाही, लोक म्हणून दिलेली आहे. आपत्तीत लेकरू वेगळे वगळले जात नाही, तसे परतण्यातही नाही.

शेवटी नवरा आपल्या खोलीतून आणि नवरी आपल्या मांडवातून (*हुप्पा*) बाहेर येवो. अनुवाद २४:५ प्रमाणे नुकतेच लग्न झालेल्या पुरुषाला एक वर्ष युद्धाची सूट होती. लढाईला ज्याला बोलावता येत नाही, त्याला या सभेला बोलावले आहे. संकटाची पातळी यावरून मोजा.

याजकांची जागाही ठरवून दिली आहे: देवडी आणि वेदी यांच्या मधे. शलमोनाच्या मंदिराची देवडी २० हात रुंद आणि १० हात खोल होती (१ राजे ६:३), तिच्यापुढे अंगणात वेदी. यहेज्केल ८:१६ मध्ये याच जागी सुमारे २५ पुरुष मंदिराकडे पाठ करून पूर्वेला सूर्याला नमन करताना दिसतात. त्याच जागेवर योएल याजकांना रडायला उभे करतो. "परत या" म्हणजे काय, ते तिथे अंगाने दिसते: जिथे पाठ फिरवली होती तिथेच तोंड फिरवायचे.

---

तुषार_नि_टरफल

पण पाप कोणते? सगळा उतारा वाचून झाला, पाप सापडले नाही. आमोसाकडे यादी आहे: गरिबाला जोड्यांच्या मोलाने विकणे, खोटी मापे. योएलाकडे काहीच नाही. दारुडे दिसतात (१:५), पण त्यांना उठवले आहे ते द्राक्षारस संपला म्हणून, दारू पितात म्हणून नव्हे.

---

गव्हाची_लोंबी

निरीक्षण अगदी बरोबर. काही भाष्यकार म्हणतात की पाप म्हणजे पोकळ विधी, आणि आधार म्हणून "कपडे नव्हे" हीच ओळ देतात. पण मजकूर तसे म्हणत नाही, ते मागून भरलेले आहे.

याजकांच्या तोंडी दिलेली प्रार्थनाही पाहा (२:१७): "परमेश्वरा, आपल्या लोकांची गय कर, आपल्या वतनाची निंदा होऊ देऊ नको, 'यांचा देव कुठे आहे?' असे राष्ट्रांनी का म्हणावे?" यात "आम्ही पाप केले" हे शब्दही नाहीत. दानीएल ९:५ शी ताडून पाहा, तिथे पापकबुलीची क्रियापदेच एकामागून एक येतात.

यातून जे निघते ते मला फार महत्त्वाचे वाटते. योएलाच्या हाकेत "कशापासून" नाही, "कोणाकडे" आहे. ही उणीव नव्हे. टोळ पाहून "हे अमक्यांच्या पापामुळे" असे बोट दाखवण्याची जागाच त्याने ठेवलेली नाही. २०२० मध्ये टोळ आणि साथ एकाच वर्षी आली, तेव्हा योएलाचा आधार घेऊन इतरांच्या पापांच्या याद्या करणारे संदेश फिरत होते. योएलात ती यादी नाही. शिंग सीयोनात वाजले, शेजारच्या देशात नव्हे. ज्याला ऐकू आले त्याने उठायचे.

---

शेतबांध

सहमत. शिवाय प्रत्येक टोळधाड म्हणजे न्याय, असेही पुस्तक म्हणत नाही. १:२ मध्ये तो म्हाताऱ्यांना विचारतो, तुमच्या काळी असे कधी झाले होते का? म्हणजे टोळ त्यांना परिचित होते. या धाडीला वेगळे वाचायचे हे संदेष्ट्याने सांगितले, टोळांनी नव्हे.

---

दर्यावर्दी_रेवदंडा

कोकणातला एक खरा धागा जोडतो. यहुदी वर्षारंभ आणि प्रायश्चित्ताचा दिवस (योम किप्पूर) यांच्या मधल्या शनिवाराला "शब्बात शूवा" म्हणतात, तोच वर काना_मात्रा यांनी उकललेला शूव. त्या दिवशी होशेय १४ वाचतात. अश्कनाझी (मध्य व पूर्व युरोपातल्या यहुद्यांच्या) परंपरेत त्याला योएल २:१५-२७ जोडतात, सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या यहुद्यांच्या) परंपरेत मीखा ७:१८-२०. बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांची, उपासना सेफार्दी वळणाची, त्यामुळे अलिबाग-पनवेलकडच्या सिनेगॉगांत त्या शनिवारी योएलापेक्षा मीखाची अपेक्षा धरावी. योना मात्र प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारच्या प्रार्थनेत सगळीकडे वाचतात.

बेने इस्राएलांमध्ये प्रायश्चित्ताच्या दिवसाचे जुने मराठी नाव "दारफाळणीचा सण", म्हणजे दारे लावून घेण्याचा सण. हिब्रू ग्रंथांशी संबंध क्षीण झाला होता त्या काळातही पांढरी वस्त्रे, कडक उपास आणि बंद दार एवढे त्यांनी धरून ठेवले. योएल म्हणतो खोलीतून बाहेर या, इथे दार लावून आत बसतात. वरवर उलट, पण दोन्हीकडे रोजचा व्यवहार थांबवणे हेच काम आहे.

---

झावळ

कॅथलिक उपासनेत हाच उतारा (२:१२-१८) राखेच्या बुधवारचे पहिले वाचन आहे, तिन्ही वर्षांच्या चक्रात तोच. वसईत, मुंबईत, गोव्यात त्या दिवशी तो वाचला जातो. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून राख करतात. एक लक्षात घ्यावे: योएलात राखेचा शब्दही नाही. राख योना ३:६ मधली, निनवेच्या राजाची. आपण कपाळावर निनवे घेतो आणि कानांनी योएल ऐकतो.

ही जोडणी उगाच नाही. "कुणास ठाऊक? तो परतेल, मन पालटेल" हे योएल २:१४ चे शब्द योना ३:९ मध्ये त्या परक्या राजाच्या तोंडी जवळजवळ तसेच आहेत. आणि "कृपाळू, कनवाळू, मंदक्रोध... अरिष्टाबाबत मन पालटणारा" ही ओळ योना ४:२ मध्ये आहे, पण तक्रार म्हणून: तू असाच आहेस, म्हणून तर मी पळालो!

वाचकांसाठी व्यावहारिक सूचना. वाचन १८ व्या वचनापर्यंत आहे, १७ व्यावर थांबू नये. आणि "कुणास ठाऊक?" हा प्रश्न प्रश्नासारखाच वाचावा. पुष्कळ जण तो खात्रीच्या सुरात वाचतात, जणू "नक्कीच परतेल".

---

पाटी_पेन्सिल

पण खात्री नसेल तर हाकेला अर्थ काय? लोक परतले, मन फाडले, आणि तरी देव परतला नाही तर?

---

काना_मात्रा

हा प्रश्न उताऱ्याच्या मर्मावरच आहे. *मी योदेया*, "कुणास ठाऊक". आमोस ५:१५ आणि सफन्या २:३ मध्ये याच जागी *उलाय*, "कदाचित" येतो. न्यायापूर्वीच्या हाकेत संदेष्टे हा शब्द मुद्दाम ठेवतात. तो काढला तर उपास म्हणजे किंमत आणि दया म्हणजे माल होतो.

पण शंका कशाबद्दल आहे ते नीट पाहा. देवाच्या स्वभावाबद्दल नाही. १३ व्या वचनात "कारण तो कृपाळू आहे" असे ठाम विधान आहे. ते निर्गम ३४:६-७ मधून घेतले आहे, आणि घेताना एक बदल केला आहे: तिथे पुढे पित्याच्या अन्यायाबद्दल मुलांना शासन येते, इथे त्या जागी "अरिष्टाबाबत मन पालटणारा". हा तुकडा सोन्याच्या वासराच्या प्रसंगातून, निर्गम ३२:१२ आणि १४ मधून आला आहे. देव कसा आहे हे ठाऊक आहे. तो या खेपेला काय करील, ते त्याच्या हाती सोडले आहे.

आणि "तो परतेल" इथेही क्रियापद शूवच. लोकांना सांगितले तेच देवाबद्दल म्हटले.

---

गव्हाची_लोंबी

आता १७ आणि १८ यांच्या मधली जागा. १७ व्यात याजकांना प्रार्थना दिली. १८ वे असे: "तेव्हा परमेश्वराला आपल्या देशाची ईर्ष्या वाटली, आणि त्याने आपल्या लोकांची कीव केली." मधे काय झाले? शिंग वाजले का, लोक जमले का, नवरी मांडवातून आली का, मजकूर एक शब्दही सांगत नाही. योना ३ मध्ये निनवेने काय काय केले ते राजाच्या हुकुमापासून गुराढोरांच्या उपासापर्यंत सांगितले आहे. इथे कोरे.

व्याकरणही महत्त्वाचे. हिब्रू क्रियापदे घडून गेलेल्या गोष्टीची आहेत, पण काही जुन्या भाषांतरांत ती भविष्यकाळी उतरली आहेत. भविष्यकाळ घेतला की १८ वे वचन आणखी एक आश्वासन होते. भूतकाळ घेतला की ते उत्तर होते: वळण आले आहे, आणि आपण ते पाहिले नाही.

---

मोजमाप

आणि त्या उत्तराची पहिली ओळ काय? २:१९: "पाहा, मी तुम्हांला धान्य, नवा द्राक्षारस आणि तेल पाठवतो." १:१० मध्ये गेलेले तेच तीन, त्याच क्रमाने. पीठ, रस, तेल. म्हणजे सकाळचे कोकरू पुन्हा अन्नार्पणासह वेदीवर जाऊ शकते.

२:२३ च्या पावसाबद्दल आपल्या वाचकांना एक टीप: यहुदातला पाऊस हिवाळी आहे. "आगोटीचा" पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात, त्यावर पेरणी. "वळवाचा" मार्च-एप्रिलात, त्यावर दाणा भरतो. आपल्या जूनच्या आगोटीचा आणि मेच्या वळवाचा हिशेब लावला तर वचन उलटे वाचले जाते.

---

शेतबांध

२:२५ बद्दलही एक सांभाळून घ्यायचे. "टोळांनी खाल्लेली वर्षे मी भरून देईन" हे वचन घरोघरी चौकटीत लावलेले असते. "वर्षे" अनेकवचनी आहे, म्हणजे नुकसान एका हंगामाचे नव्हते. आणि ते "तुम्हांला", त्या सगळ्या जमलेल्या लोकांना म्हटले आहे, ज्यांत म्हातारे आणि तान्ही दोन्ही होती. १२ ते १७ वगळून थेट २५ वर उडी मारली की हाक गळते आणि फक्त भरपाई उरते.

---

झावळ

मंडळीत वाचायला घेणाऱ्यांसाठी शेवटची सूचना. शक्य असेल तर १:१ पासून २:२७ पर्यंत सलग, मोठ्याने वाचा. ४७ वचने आहेत, एका बैठकीत होतात. २:११ च्या प्रश्नानंतर श्वास घ्या आणि "पण अजूनही" आवाज उतरवून वाचा, चढवून नव्हे. "कुणास ठाऊक?" नंतर लगेच पुढे जाऊ नका. आणि १७ संपल्यावर, १८ सुरू करण्याआधी, पाच-सहा श्वास गप्प राहा. मजकुरात तिथे कोरी जागा आहे, ती ऐकणाऱ्यांनाही मिळू द्या.